घाटात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स का तापतो

जांभूळ गावाहून कल्याण-मुरबाड रस्ता गाठला की पुढे सरळगाव, टोकावडे, वैशाखरे करत माळशेज घाटाचा पायथा येतो. बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यातला माल या वाटेने जुन्नर-ओतूरकडे जातो तो बहुतेक बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धासारख्या हाताने गिअर टाकायच्या गाड्यांतून. त्यांच्या ड्रायव्हरांना चढावरची उष्णता नाकाने कळते. अर्ध्या क्लचवर गाडी रेटत नेली की जळका वास येतो आणि प्लेट गेली हे गॅरेजला पोचायच्या आधीच समजतं.

गेल्या काही वर्षांत मात्र या रस्त्यावर दुसऱ्या जातीच्या पिकअपही दिसू लागल्या. इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये भारतात आलेली टोयोटा हायलक्स या दोन्ही सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये मिळतात. कोणी मागे कॅम्पिंगचा ट्रेलर जोडतो, कोणी जनरेटरचा. या गाड्यांत क्लचचं पेडल नाही, वासही लवकर येत नाही, त्यामुळे गिअरबॉक्स तापत नाही असा समज होतो. तापतो, आणि त्याचं कारण क्लच प्लेटचंच असतं: एक भाग जोरात फिरतोय, दुसरा मागे पडतोय आणि मधल्या फरकाची उष्णता होतेय. घसरण कुठे होते हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं, तेही मोटारीसाठी नव्हे तर जहाजासाठी. टर्बाइनची प्रचंड गती प्रॉपेलरला सोसेल एवढी कमी करायची होती. आत पात्यांची दोन चाकं समोरासमोर, तेलात बुडालेली. एक इंजिन फिरवतं आणि तेल दुसऱ्यावर फेकतं. दुसरं त्या मारानं फिरून गिअरला जोर देतं. परतणाऱ्या तेलाची दिशा वळवणारं तिसरं लहान चाक मध्ये असतं, त्याला स्टेटर म्हणतात. त्याच्यामुळे गाडी जागेवरून उठताना इंजिनाचा टॉर्क जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. जड ट्रेलर ऑटोमॅटिकने अलगद उचलला जातो तो याच कृपेने.

किंमत तेल मोजतं. दोन चाकांच्या वेगात जितका फरक, तितकी शक्ती तेल घुसळण्यात जाते. माळशेजपुरता हिशेब करून पाहू. दोन टनांची पिकअप आणि दीड टनाचा ट्रेलर मिळून साडेतीन टन. चढाची उंची ५०० मीटर धरली तर एवढं वजन वर न्यायला पावणेपाच युनिट ऊर्जा लागते. घाट वीस मिनिटांत चढला तर ते सरासरी १४ किलोवॅट झाले. टायर आणि हवेचा विरोध धरून २० किलोवॅट म्हणू. कन्व्हर्टरमधून ८० टक्केच शक्ती पुढे जात असेल, तर इंजिनाला २५ किलोवॅट द्यावे लागतील आणि मधले ५ किलोवॅट तेलात उतरतील. नऊ-दहा लिटर तेलात घरचे मोठे अडीच गिझर लावल्यासारखं झालं हे. ही उष्णता बाहेर नेली नाही आणि लोखंडानेही काही शोषली नाही, तर तेल मिनिटाला वीसेक अंशांनी चढेल.

म्हणूनच कन्व्हर्टरमध्ये लॉक-अप क्लच असतो. वेग स्थिर झाला की तो दोन्ही चाकांना सरळ जोडून टाकतो. घसरण जवळजवळ संपते आणि उरते ती पंपाची, दात्यांची, बेअरिंगची उष्णता. घाटात ट्रेलर ओढणाऱ्याचं खरं काम हा लॉक-अप टिकवण्याचं आहे. गिअर डी वर ठेवून नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिलं, तर गिअरबॉक्स चौथा-तिसरा-चौथा असे चाळे करतो. प्रत्येक बदलात लॉक-अप सुटतो, आतले क्लच घसरतात आणि तेल तापतं. त्यापेक्षा पायथ्यालाच मॅन्युअल मोडमध्ये तिसरा किंवा दुसरा टाकावा आणि तिथेच राहावं. इंजिनाचा आवाज वाढतो म्हणून घाबरून पुष्कळ जण वरचा गिअर घेतात. इथे तो आवाज चांगला. आरपीएम वाढला की गिअरबॉक्सचा पंप जास्त तेल फिरवतो, पाण्याचा पंपही जोरात चालतो. लॉक-अप लागला की आरपीएमचा काटा गाडीच्या वेगाला बांधल्यासारखा चालतो. पाय किंचित दाबल्यावर वेग न वाढता काटा उडी मारत असेल, तर घसरण चालू आहे.

तेल थंड कुठे होतं? कन्व्हर्टरमधून निघालेलं तेल बहुतेक गाड्यांत आधी रेडिएटरच्या टाकीतल्या कूलरमधून जातं. पण रेडिएटरचं पाणीच नव्वद अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे तेल त्याच्या खाली येत नाही. ज्यांना नेहमी ट्रेलर ओढायचा आहे त्यांनी पुढे, वाऱ्यात, वेगळा ऑइल कूलर बसवून घ्यावा. रेडिएटरमधून आलेलं तेल त्यातून जाऊन मग गिअरबॉक्सकडे परतावं. मुरबाड पट्ट्यातली धूळ, किडे आणि प्लास्टिकचे तुकडे या कूलरच्या जाळीत अडकतात. मार्च-एप्रिलमध्ये हलक्या पाण्याने ती धुवावी. जोराचा फवारा पात्या वाकवतो.

अमेरिकेत पिकअपची ओढण्याची क्षमता ठरवताना अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर चाचणी होते: सुमारे १८ किलोमीटरचा चढ, बाहेर ३८ अंश, एसी पूर्ण चालू, आणि मागे चाकांची एकच जोडी असलेली पिकअप असेल तर वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाऊ द्यायचा नाही. कठीण परीक्षा आहे, पण ६४ च्या वेगात कूलरला वारा मिळतो. माळशेजला भाजीच्या ट्रकमागे पंधरा-वीसच्या वेगाने रांगताना तो मिळत नाही, आणि एवढ्या कमी वेगात लॉक-अपही बहुधा लागत नाही. त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या आकड्याला आपल्या घाटात पुरं टेकू नये असं माझं ठाम मत आहे. समोर रांग दिसली तर अंतर सोडून थांबावं आणि मोकळं झाल्यावर एका दमात निघावं. चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरणं सगळ्यात वाईट. तेव्हा इंजिनाची सगळी शक्ती कन्व्हर्टरमध्येच उष्णता होते. हँडब्रेक ओढावा.

ट्रेलर चढावर मागे घेतानाही तसंच. वेग नाही, लॉक-अप नाही, जोर पूर्ण. माती किंवा ओल्या खडीवर असाल तर फोर-व्हील-ड्राइव्हची लो रेंज लावावी, कन्व्हर्टरवरचा भार पुष्कळ उतरतो. कोरड्या डांबरावर मात्र लो रेंजमध्ये वळू नये; पुढच्या-मागच्या शाफ्टना पीळ बसतो.

तेलाचं तापमान ८० ते ९५ अंशांत असलं की गिअरबॉक्स सुखात असतो. मेकॅनिक मंडळींचा ढोबळ नियम असा की त्याच्या पुढे दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. ९० ऐवजी सतत १२३ वर चाललेलं तेल म्हणजे आठव्या हिश्शाचं आयुष्य. तिथून पुढे रबरी सील कडक होतात, क्लचवरचं अस्तर करपतं. डॅशबोर्डवरचा दिवा बराच उशिरा लागतो, म्हणून ओबीडी स्कॅनर लावून आकडा बघावा. तो आकडा बहुधा खालच्या पॅनमधला असतो. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारं तेल त्याहून खूप गरम असतं. ११० दिसताच जागा बघून थांबावं, इंजिन बंद करू नये. न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, हजार-बाराशे आरपीएमवर काही मिनिटं चालू ठेवलं तर पंप तेल कूलरमधून फिरवत राहतो.

‘लाइफटाइम ऑइल’ या शब्दावर ओढणाऱ्याने विसंबू नये. कंपन्यांच्याच पुस्तकांत ट्रेलर ओढणं हे कठीण वापरात धरलेलं असतं. तांबडं तेल तपकिरी झालं, करपट वास आला, तर बदलायची वेळ टळून गेली आहे. ड्रेन बोल्ट उघडल्यावर सगळं तेल निघत नाही, कन्व्हर्टरमध्ये बरंच उरतं. थोडे दिवस चालवून पुन्हा बदललं तरच खरी सफाई होते. आजच्या पुष्कळ गाड्यांत डिपस्टिक नसते आणि पातळी ठरावीक तापमानालाच तपासावी लागते, म्हणून हे काम स्कॅनर असलेल्याकडेच द्यावं.

पावसाळ्यात उल्हास नदी चढली की बदलापूर पट्ट्यात वेगळाच धोका असतो. २७ जुलै २०१९ च्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी ब्रीदरमधून गिअरबॉक्समध्ये पाणी घेऊ शकते. तेल गुलाबी-दुधाळ दिसलं तर इंजिन चालूच करू नये, कारण पाणी क्लचचं अस्तर सोडवतं. आणि ती गाडी दोरी बांधून, चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेऊ नये. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही, पण मागची चाकं आतले गिअर फिरवत राहतात, तेही तेलाविना. टो व्हॅनवाल्याला फोन करताना आधीच सांगावं की गाडी ऑटोमॅटिक आहे, तिला सपाट बेडवर चढवून न्यायचं आहे.