माहितीचे घरगुती कोठार

कुटुंबाची छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि कागदपत्रे एकत्र साठवून ती घरातील सर्व संगणकांना पुरविणारा साठवण-संगणक सुटे भाग आणून घरीही जुळविता येतो. मात्र भाग नुसते उत्तम असून चालत नाही. त्यांचे एकमेकांशी जमावे लागते.

निवडीचा आरंभ यंत्रापासून नव्हे, तर त्यावर चालावयाच्या प्रणालीपासून करावा. फ्रीबीएसडीसारखी प्रणाली कोणती नेटवर्क-कार्डे व डिस्क-नियंत्रक ओळखते, याची यादी प्रत्येक आवृत्तीबरोबर प्रसिद्ध होते. ती आधी पाहावी. एका बिटाची चूक आपोआप सुधारणारी ईसीसी मेमरी घ्यावयाची, तर प्रोसेसर आणि मदरबोर्ड या दोहोंनाही ती मानवली पाहिजे. एरवी जादा खर्च व्यर्थ होय.

डिस्क घेताना अधिक सावध असावे. एसएमआर पद्धतीत डिस्कवरील माग कौलांप्रमाणे एकमेकांवर चढलेले असतात. मधले कौल बदलताना शेजारची उचलावी लागतात. तद्वत येथे जुना मजकूर बदलताना पुढचे मागही पुन्हा लिहावे लागतात. दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवला असता एक निकामी झाली, तर तिच्या जागी आलेली अशी डिस्क भरावयास फार वेळ लागू शकतो. तेवढ्यात दुसरीही गेली, तर सारेच हरपते. अशा काही डिस्क, तसा उल्लेख न करता, याच कामासाठी विकल्या गेल्याचे २०२० साली उघडकीस आले. म्हणून सीएमआर पद्धतीची डिस्क खात्री करूनच घ्यावी.

एवढे करूनही आणखी एक प्रत घराबाहेर असावीच. आगीपुढे उत्तम जुळणीचाही इलाज चालत नाही.