परकरी वयाचं गाणं आणि त्याचा हिशेब

मराठीत एक नेमका शब्द आहे : परकरी पोर. बाहुली सुटलेली, पण अजून साडी न आलेली मुलगी. शब्द कपड्यावरून आला, वय मात्र अचूक सांगून गेला. इंग्रजीत या वयाला रुळलेलं नाव मिळायला बराच काळ जावा लागला. टोल्कीनच्या १९५४ सालच्या कादंबरीत 'ट्वीन्स' हा शब्द भेटतो, पण तो हॉबिटांच्या विशी ते तेहेतिशीच्या बेफिकीर वर्षांसाठी आहे. साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांना 'ट्वीन' म्हणणं रूढ झालं ते मुख्यतः अमेरिकेतल्या बाजारामुळे. आपल्याकडे वयाला नाव दिलं घराने, तिकडे दुकानाने. हा फरक लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या संगीताचा मी गेली काही वर्षं, कोणत्याही विद्यापीठाच्या आधाराशिवाय, जमेल तसा अभ्यास करते आहे. त्यात एक उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. ते म्हणजे 'द चीता गर्ल्स'.

या गायिकांचा जन्म रंगमंचावर झाला नाही, पुस्तकात झाला. डेबोरा ग्रेगरी या कृष्णवर्णीय लेखिका 'एसेन्स' मासिकात लिहीत असत. त्यांचं बालपण न्यूयॉर्कमध्ये, सरकारी व्यवस्थेतून नेमलेल्या पालकांच्या घरी गेलं. १९९९पासून त्यांची ही पुस्तकमालिका डिस्नेच्याच 'जम्प अॅट द सन' या मुद्रेखाली येऊ लागली. तिच्यात पाच मुली आहेत. चित्त्याच्या ठिपक्यांचे कपडे घालून गाणाऱ्या आणि मोठं व्हायची स्वप्नं पाहणाऱ्या. त्यांतली डोरिंडा परक्या पालकांकडे वाढते. लेखिकेनं आपल्या लहानपणाचा एक तुकडा तिच्या हाती दिला असावा, असं मला वाचताना सतत वाटत राहिलं.

१५ ऑगस्ट २००३ रोजी डिस्ने चॅनलवर यावरचा चित्रपट आला. निर्मात्यांत गायिका व्हिटनी ह्यूस्टन होत्या. पाचाच्या चार मुली झाल्या : रेव्हन-सिमोने, एड्रिएन बेलन, कीली विल्यम्स आणि सब्रिना ब्रायन. त्या वेळी या चौघी सतरा ते एकोणीस वर्षांच्या होत्या. पाहणाऱ्या मुली त्याहून बऱ्याच लहान. या व्यवसायाचं पहिलं सूत्र इथंच आहे. दहा वर्षांच्या मुलीला दहा वर्षांची गायिका नको असते, तिला हवी असते मोठी ताई. स्वतःच्या वयात तिला रस नसतो, पुढच्या वयात असतो. मात्र ते पुढचं वय आईबापांना धास्ती वाटणार नाही इतपतच पुढचं असावं लागतं.

दुसरं सूत्र गटाचं. एकटी गायिका आवडते किंवा आवडत नाही. चौघी असल्या की प्रश्न बदलतो : यांतली तू कोण? १९९६मध्ये 'टॉप ऑफ द पॉप्स' मासिकानं स्पाइस गर्ल्सना टोपणनावं दिली आणि पाच ठळक स्वभाव तयार झाले. शाळेच्या अंगणात पाच मैत्रिणींनी ते आपापसांत वाटून घ्यावेत, इतके सोपे. चीता गर्ल्समध्येही हीच वाटणी आहे : एक पुढारीण, एक नटवी, एक नाचरी, एक शब्दाला शब्द देणारी. मुलगी गाणं ऐकते तेव्हा मैत्रीतली आपली जागाही शोधत असते.

तिसरं सूत्र यंत्रणेचं. डिस्ने चॅनलवर बाहेरच्या कंपन्यांच्या नेहमीच्या जाहिराती नसत. दोन कार्यक्रमांमधल्या वेळात घरचीच गाणी आणि घरचेच आगामी चित्रपट दाखवले जात. तेच गाणं रेडिओ डिस्नेवर वाजे आणि त्याची ध्वनिमुद्रिका डिस्नेचीच कंपनी विके. चित्रपट ही गाण्याची जाहिरात, गाणं ही चित्रपटाची. पहिल्या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेला अमेरिकेत वीस लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं, ते काही आपोआप नव्हे.

यातली गंमत कथेत आहे. पहिल्या चित्रपटात एक संगीत-निर्माता मुलींना आपलं रूप आणि आपलं गाणं सोडून त्याच्या साच्यात बसायला सांगतो, आणि मुली नकार देतात. हा नकार लाखो मुलींनी पाहिला. पडद्याबाहेर मात्र गट कुणाचा असावा हे कंपनीनंच ठरवलं. रेव्हन-सिमोने आपल्या स्वतंत्र वाटेनं गेल्या आणि उरलेल्या तिघी 'चीता गर्ल्स' या नावानं ध्वनिमुद्रिका काढू लागल्या, दौरे करू लागल्या. २००६च्या दौऱ्यात त्यांच्याआधी मंचावर येऊन गात होती ती 'हॅना मोंटाना'च्या रूपातली मायली सायरस. थोड्याच काळात ती त्यांच्या पुढे निघून गेली. परकरी वयाचे श्रोते दर चार-पाच वर्षांनी पूर्ण बदलतात, म्हणून यंत्रणेला नवी ताई सतत तयार ठेवावी लागते.

तिसरा चित्रपट, 'वन वर्ल्ड', २००८च्या ऑगस्टमध्ये आला. तिघी 'नमस्ते बॉम्बे' नावाच्या संगीतपटासाठी भारतात येतात आणि त्यांना कळतं की भूमिका एकच आहे. डिस्ने चॅनल भारतात सुरू झालं होतं २००४च्या डिसेंबरात. ही भारतभेट आणि ती नवी बाजारपेठ यांचा संबंध मला योगायोगाचा वाटत नाही. नाव बॉम्बेचं आणि चित्रीकरण उदयपूरचं, यावरून त्यांच्या मनातला भारत कळतो. त्यानंतर लवकरच गट थांबला.

आता लेखिकेकडे येऊ. चित्रपटांच्या निव्वळ नफ्यातला चार टक्के वाटा करारात असूनही त्यापोटी आपल्याला काहीच मिळालं नाही, असं ग्रेगरी यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. हक्कांचे आणि सहनिर्मितीचे पैसे त्यांना मिळाले, ते वेगळे. 'निव्वळ नफा' हा शब्द वाचायला सोपा आहे. पण एकूण उत्पन्नातून खर्च, वितरणाचं शुल्क, प्रसिद्धी, व्याज असं सगळं वजा केल्यावरच तो उरतो, आणि ही वजाबाकी निर्माती कंपनी करते. म्हणून जाणते लेखक एकूण उत्पन्नातला हिस्सा मागतात, मग तो एक टक्का का असेना. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं चित्रपटातल्या शब्दांच्या आणि सुरांच्या कर्त्यांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी मानधनाचा असा हक्क दिला, की तो निर्मात्याला लिहून देताच येत नाही. मराठीत मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी सही करण्याआधी एवढं तरी वाचून घ्यावं.

या गाण्यांना कारखान्याचा माल म्हणून झटकून टाकणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ज्या मुलींना पडद्यावर आपल्यासारखा वर्ण, आपल्यासारखे केस आणि आपल्यासारखं मोडकं घर क्वचितच दिसे, त्यांना ते इथं दिसलं, आणि ती मिळकत खरी आहे. ती त्यांच्या पदरात पडली एका लेखिकेच्या आठवणींतून. त्या आठवणींचा मोबदला कुणाला मिळाला, हा प्रश्न म्हणूनच गाण्याइतकाच महत्त्वाचा आहे.