शस्त्रक्रिया डॉक्टरांची, शुश्रूषा घराची

गोव्यातील वाड्यावाड्यांतून कुत्रे नाही असे घर विरळाच. अंगण राखणारे, अनोळखी पावलाची चाहूल लागताच घर जागे करणारे हे जनावर कुटुंबाचाच एक घटक झालेले असते. परंतु घरची कुत्री वर्षातून साधारणतः दोनदा माजावर येते, गाभण राहिल्यास सुमारे ६३ दिवसांनी विते आणि एकाच वेळी चार-सहा पिल्ले जन्मतात. या पिल्लांना घरे मिळणे कठीण. मग ती पोत्यात घालून बाजारात किंवा देवळापाशी सोडली जातात. बरीचशी पावसात वा वाहनांखाली दगावतात. जी जगतात, त्यांच्याविषयी पुढे आपणच पंचायतीकडे तक्रार करतो.

यावरील खात्रीचा उपाय म्हणजे निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया. केंद्र शासनाच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव जनावराचे लसीकरण, जंतनिर्मूलन व निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी आहे. या शस्त्रक्रियेमुळे कुत्रीच्या गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा विकार टळतो. ती लवकर केल्यास स्तनातील गाठींचा धोकाही बराच कमी होतो.

आजीची पेज

काही वर्षांपूर्वी अशाच एका शिबिराच्या प्रसिद्धीसाठी प्रस्तुत लेखक एका गावी गेला होता. सातवीतील एक मुलगा आपल्या कुत्रीला दोरीने धरून रांगेत उभा होता. त्याची पाळी येताच डॉक्टरांनी विचारले, "बाळा, सकाळी हिला काय खायला घातलेस?" मुलगा उत्साहाने म्हणाला, "आजीने वाडगाभर पेज घातली. ऑपरेशन आहे, अंगात ताकद नको का?" डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या आठवड्याची तारीख दिली. मुलगा हिरमुसला. तेव्हा डॉक्टरांनी त्याला समजावले, "भूल दिल्यावर जनावराला गिळण्याचे भान राहत नाही. पोटातली पेज उलटून श्वासनलिकेत गेली, तर ती गुदमरून मरेल."

आजीची माया खोटी नव्हती. तिला माहिती मिळाली नव्हती, एवढेच. ती माहिती प्रत्येक घरी पोहोचावी, हाच या लेखाचा उद्देश होय.

शस्त्रक्रियेपूर्वी

प्रथम जनावराची पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासणी करून घ्यावी. रेबीजची लस दिलेली नसल्यास तसे सांगावे. कुत्री माजावर असल्यास किंवा गाभण असल्याची शंका असल्यास ते लपवू नये. माजाच्या काळात गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो व रक्तस्रावाचा धोका अधिक असतो. म्हणून डॉक्टर बहुधा काही आठवडे थांबावयास सांगतात. अंगावर गोचिडी असल्यास तेही अवश्य सांगावे. गोचिडीमुळे होणाऱ्या तापात रक्त गोठण्याची शक्ती कमी होते.

मोठ्या कुत्र्याला आदल्या रात्री हलके जेवण द्यावे. सकाळी चहा-बिस्किटदेखील देऊ नये. पाणी केव्हापर्यंत द्यावे, हे डॉक्टरांना विचारावे. लहान पिल्लांना मात्र फार वेळ उपाशी ठेवणे घातक असते; त्यांच्याबाबत वेळ डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. चुकून काही खाल्ले गेल्यास संकोच न करता सांगावे. तारीख पुढे गेली तरी जनावराचा जीव वाचतो.

घरी आणल्यानंतर

पहिल्या रात्री जनावर गुंगीत असते. त्याला पडवीत किंवा खोलीत, जमिनीवर, कोरड्या गोणपाटावर निजवावे. खाटेवर, जिन्याजवळ किंवा विहिरीच्या आसपास ठेवू नये. मुलांनी भोवती गर्दी करू नये. गुंगीतले जनावर ओळखीच्या हातालाही चावू शकते. पूर्ण शुद्धीवर आल्यावर प्रथम थोडे पाणी व नंतर थोडा मऊ भात द्यावा.

पुढील दहा ते चौदा दिवस उड्या, धावपळ व आंघोळ वर्ज्य समजावी. शौचासाठी दोरी बांधूनच बाहेर न्यावे. जखम चाटल्याने टाके उसवतात. म्हणून डॉक्टरांनी दिलेली शंकूच्या आकाराची कॉलर दया येऊन काढू नये. सकाळ-संध्याकाळ जखम पाहावी. किंचित सूज असल्यास घाबरू नये. जखमेवर हळद, राख, तेल किंवा रॉकेल मुळीच लावू नये. पावसाळ्यात माशा बसून जखमेत अळ्या पडतात. म्हणून जागा स्वच्छ व कोरडी ठेवावी.

माणसांची वेदनाशामक गोळी जनावराला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते.

जखमेतून रक्त किंवा पू येणे, टाके सुटणे, हिरड्या पांढऱ्याफटक पडणे, वारंवार उलट्या होणे, किंवा दुसऱ्या दिवशीही अन्नास तोंड न लावणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा.

काही गैरसमज

कुत्रीला एकदा तरी पिल्ले व्हावीत, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. शस्त्रक्रियेने कुत्रा राखण करणे सोडत नाही. त्याची अन्नाची गरज मात्र थोडी घटते. तेव्हा खाणे बेताचे ठेवल्यास तो स्थूल होत नाही. नर कुत्रा शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे प्रजननक्षम राहू शकतो, हे ध्यानात ठेवून त्याला तेवढे दिवस माद्यांपासून दूर ठेवावे.

सर्वांचे सहकार्य

गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. गावोगावच्या लसीकरणाचा आणि शाळांतून झालेल्या जागृतीचा त्यात मोठा वाटा आहे. जी गोष्ट मुलांना शाळेत समजते, ती संध्याकाळी घरी पोहोचते. शिक्षकांनी वरील सूचना वर्गात वाचून दाखवाव्यात आणि पंचायतींनी शिबिरापूर्वी त्या फलकावर लावाव्यात, ही विनंती.

त्या गावचा तो मुलगा ठरल्या दिवशी पुन्हा आला, असे डॉक्टरांकडून नंतर कळले. या खेपेस त्याने विचारण्याआधीच सांगून टाकले, "आज आजीने पेज झाकून ठेवली आहे. संध्याकाळी घालणार." कुत्री सुखरूप घरी गेली.