मजकूर करून मिळेल

सकाळी ८.४०
डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत आठ बाय दहाचा गाळा. शटर अर्धं वर. स्टेशनकडे जाणाऱ्यांची घाई अजून ओसरलेली नाही. ताई आधी झेरॉक्सचं मशीन चालू करतात, मग कॉम्प्युटर, मग उदबत्ती. मशीनला गरम व्हायला वेळ लागतो. देव थांबतो. गाळ्याचं भाडं १४ हजार, मदतीच्या पोऱ्याला ९ हजार, विजेचं बिल वेगळं. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, मराठी-इंग्रजी डीटीपी, लग्नपत्रिका. त्याखाली मागाहून चिकटवलेली ओळ: मजकूर करून मिळेल.

९.१५
आधार कार्डच्या दोन प्रती. सहा रुपये. मग सोसायटीचे सेक्रेटरी काका. पाण्याची टाकी धुवायची आहे, नोटीस हवी. पोऱ्या फोन तोंडाजवळ धरून एआयला सांगतो. अर्ध्या मिनिटात अख्खं पान भरतं. ‘सर्व सन्माननीय सभासदांस अत्यंत नम्रतेने कळविण्यात येते की...’ काका खूश. ताई खोडायला घेतात.
“काका, लोक हे लिफ्टमध्ये वाचणार. दुसऱ्या मजल्यापर्यंत वाचून झालं पाहिजे.”
चार ओळी उरतात. बुधवार, अकरा ते चार, पाणी बंद, भरून ठेवा.
“तीस झाले.”
“एआयनेच केलं ना सगळं?” काका वीस काढतात. ताईंचा हात पुढेच. आणखी दहा येतात.

१०.३०
कल्याणच्या कोळसेवाडीतून एक बाई आल्यात. वडिलांचं वर्षश्राद्ध. छोटी पुस्तिका काढायची आहे, एक पान आठवणींचं. वडील कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होते. त्या फोनवर मजकूर दाखवतात, मुलाने एआयकडून करून घेतलाय. मायेचा सागर. वटवृक्षाची सावली. आणि वडील थेट इंजिन चालवतायत.
“मोटरमन नव्हते ते.”
“माहितीय. पण लिहिलंय छान.”
ताई फोन बाजूला ठेवतात, वही ओढतात. “बाबा घरी आले की आधी काय करायचे?”
“हात धुवायचे. रॉकेलने, मग साबणाने. तरी नखांत ग्रीस राहायचंच. आई कणकेला हात लावू द्यायची नाही.”
“आणखी?”
“शब्दकोडं सोडवायचे. पेनने. पेन्सिल घेतली तर चूक करायची परवानगी मिळते म्हणायचे.”
ताई लिहून घेतात. मग टाइप करतात: एवढ्यावरच लिही, विशेषणं नकोत, पदरचं काही घालू नकोस. नवा मजकूर येतो. वटवृक्ष गेलाय, पण ग्रीसला कष्टाचा सुगंध आलाय. तो जातो. शब्दकोड्यावरून आयुष्याच्या कोड्यावर उडी मारलीय. तीही जाते. वाक्यांचा क्रम मात्र चांगला लागलाय, तो ताई ठेवतात. हे त्या मोकळेपणाने सांगतात: सुरुवात कुठून करायची, यात पूर्वी फार वेळ जायचा.
बाई प्रिंट वाचतात. “शेवटी-शेवटी रॉकेल मिळायचं नाही. डिझेलने धुवायचे.”
तेही घातलं. पाऊण तास गेला. ३०० रुपये. त्या घासाघीस करत नाहीत.

१२.२०
वकीलसाहेब. बारा पानांचा करारनामा, पानाला ४०. टायपिंग चालू असताना ताई विचारतात, एआयकडून करून घेतलेला मजकूर नक्की कोणाचा?
“१९५७ चा कॉपीराइट कायदा. १९९४ च्या दुरुस्तीत आलंय, कॉम्प्युटरने निर्माण केलेल्या लेखनाचा कर्ता म्हणजे ते ज्याने करवून घेतलं तो.”
“म्हणजे मी, की गिऱ्हाईक?”
“त्यासाठी तुम्हाला भांडावं लागेल.” ४८० रुपये मोजून ते कोर्टाकडे.

१.३०
डबा. फ्लॉवर, चपाती, कालचं लोणचं. ताई वापरतात ते एआय महिन्याला ३९९ रुपयांचं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने ती योजना वर्षभरासाठी फुकट केली. फुकट झाल्याची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत फार लवकर पोचली, ताई म्हणतात.

२.१५
दुपारचं मोठं काम: एका मंडळाची स्मरणिका. ३२ पानं, पानाला १५०, मजकुरासकट. निम्मे आगाऊ, निम्मे छपाईनंतर. ‘आमची डोंबिवली’ असा एक लेख त्यात हवाच.
एआयने तो सफाईने लिहिलाय. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा गिरगावात सुरू झाली म्हणे. पोऱ्या इथलाच, तो खुर्चीतून उठतो. पहिली यात्रा डोंबिवलीत निघाली, १९९९ साली, फडके रोडच्या गणेश मंदिर संस्थानाने काढली. बाकीची शहरं मागून आली. हे गिरगाव छापून गेलं असतं तर मंडळाने पैसे दिले नसते, आणि बरोबर केलं असतं.
डोंबिवलीत झालेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांचं नावही भलतंच. ताई टेबलाखालून जुना पेपर काढतात. ९० वं संमेलन, फेब्रुवारी २०१७, अध्यक्ष अक्षयकुमार काळे, नगरीला नाव पु. भा. भावे यांचं. चुकीचं नाव एआयने जराही न अडखळता लिहिलं होतं. म्हणून ताई प्रत्येक साल आणि नाव लाल करतात, आणि खात्री झाली की एकेक काळं करतात. आज सतरा लाल होते. चार वाजेपर्यंत दोन उरले. ते मंडळाच्या माणसालाच विचारायचे.

४.२०
धीमी लोकल, ठाण्याचं तिकीट दहा रुपये. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. या वेळेला गर्दीच्या उलट दिशेने जाताना बसायला मिळतं. पिशवीत स्मरणिकेची प्रुफं आणि पेनड्राइव्ह.

५.००
नौपाड्यातला प्रेस. इथे पानं लावायला अजून पेजमेकर चालतं, ज्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. फॉन्ट श्रीलिपी. एआयचा मजकूर येतो युनिकोडमध्ये. मध्ये कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि तो वाटेत काहीतरी सांडतो. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र गायब. ‘ॲम्ब्युलन्स’ची टोपी पुढच्या अक्षरावर. रफार एक घर सरकलेला. ताई स्टुलावर बसून पट्टी धरून ओळ-ओळ खाली येतात. प्रेसवाले मामा चहा मागवतात.
“लिहायला किती वेळ लागला?”
“मिनिट.”
“आणि हे?”
ताई उत्तर देत नाहीत. त्या अकराव्या पानावर आहेत.

७.३०
परतीची गाडी खच्चून. दुकानात पोऱ्याने एकट्याने गर्दी सांभाळलीय. वाढदिवसाचे दोन बॅनर. ‘कार्यसम्राट’ घालायचं की ‘युवा हृदयसम्राट’, यावर चौघांत वाद. इथे ताई एआय उघडतच नाहीत. हा मजकूर सगळ्यांना पाठ आहे.

९.३०
हिशेब. झेरॉक्स ३४०, टायपिंग ९६०, लॅमिनेशन ८०, बॅनरचं कमिशन २००, वर्षश्राद्धाचं पान ३००. एकूण १,८८०. खर्च: कागदाची रीम, चहा, गाडीभाडं. स्मरणिकेचं उरलेलं निम्मं मंडळाकडे आहे.

तुम्हालाही सत्काराचा, श्रद्धांजलीचा मजकूर करून घ्यायचा असेल, तर अशा दुकानात जाताना माणसाबद्दलच्या चार खऱ्या गोष्टी आणि साल-तारखा कागदावर लिहून न्या. दर आधी विचारा, आणि एआयने केलं म्हणून कापू नका. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, तेव्हा बॅनरवाले असतात.