घास घशाखाली उतरेना

मन दुःखी असलं की आपण म्हणतो, 'घास घशाखाली उतरत नाही.' पण मैत्रिणींनो, काही जणींच्या बाबतीत हे वाक्य रोजच्या जेवणाला शब्दशः खरं असतं. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी किरणोपचार, म्हणजे आपण ज्याला 'शेक देणं' म्हणतो, ते घेतलेल्या या बायका. रिपोर्ट चांगले आले, पाहुणे भेटून गेले, पण जेवण काही पूर्वीसारखं झालं नाही.

बचत गटाच्या कामामुळे माझं घरोघरी जाणं होतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्रीची डबी अजून कितीतरी घरांत दिसते. आमच्या गटातल्या एका काकूंना २०१६ मध्ये घशाचा कॅन्सर झाला. सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस त्यांनी शेक घेतले. बऱ्या झाल्या, गटाचा हिशेब पुन्हा बघू लागल्या. चार-पाच वर्षांनी मात्र भाकरी अडकायला लागली. पाणी प्यायलं की ठसका. सून म्हणायची, "आई हल्ली ताटात टाकतात." मुलगा म्हणायचा, "वय झालं आता." काकूंना मनातून वाटत होतं की आजार उलटला. त्या भीतीने त्या कुणापाशी बोलतच नव्हत्या.

असं का होतं? किरणांनी कॅन्सरच्या पेशी मरतात, पण आजूबाजूच्या लाळग्रंथींना आणि गिळण्याच्या स्नायूंनाही झळ लागते. लाळ कमी झाली की कोरडा घास तोंडातच फिरत राहतो. स्नायू हळूहळू ताठर होतात, आणि हे उपचार संपल्यावरही वर्षानुवर्षं चालू राहू शकतं. आपण गिळतो तेव्हा श्वासनलिकेचं तोंड क्षणभर बंद होतं. ते नीट बंद झालं नाही तर अन्नपाणी फुप्फुसात जातं. घशाची जाणीव कमी झालेली असेल तर साधा ठसकाही लागत नाही. वरचेवर ताप येतो, न्यूमोनिया होतो. म्हणजे हा नखरा नाही आणि नुसतं म्हातारपणही नाही.

आपल्या घरात बाई सगळ्यांना वाढून शेवटी जेवते, बहुतेक वेळा एकटीच. घरच्या पुरुषाने अर्धी भाकरी टाकली तर चार जण विचारतात. बाईने टाकली तर कुणाला कळतही नाही. त्यामुळे तिचा त्रास लक्षात येतो तो वजन पार उतरल्यावर.

म्हणून काही खुणा ध्यानात ठेवा. जेवायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागणं, खाताना-पिताना खोकला येणं, जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा होणं, पाणी नाकातून येणं, वजन कमी होणं, तोंडात तीन बोटं उभी न मावणं. यातलं काही दिसलं तर आधी डॉक्टरांकडून आजार परतला नाही ना, हे तपासून घ्यायचं. मग गिळण्याची तपासणी करायला सांगायचं. दुर्बिणीने घसा बघतात, किंवा बेरियमचं औषध पाजून घास कुठून कसा जातो हे चालत्या एक्स-रेवर पाहतात. अन्ननलिका आकसली असेल तर ती दुर्बिणीतून रुंद करता येते.

गिळण्याचे व्यायाम शिकवतात ते स्पीच थेरपिस्ट. नाव बोलण्याचं असलं तरी गिळणं हेही त्यांचंच काम. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयात हे तज्ज्ञ असतात. हे व्यायाम शेक चालू असतानाच, किंबहुना त्याआधी सुरू केले तर जास्त चांगलं, कारण न वापरलेले स्नायू लवकर दुबळे होतात. मात्र शेजारणीला सांगितलेला व्यायाम आपण परस्पर करायचा नाही. प्रत्येकीचा दोष वेगळा असतो.

स्वयंपाकघरात आपल्या हातात बरंच आहे. मऊ भात, गुरगुट्या खिचडी, नाचणीचं सत्त्व, दुधात कुस्करलेली भाकरी, वरून चमचाभर तूप. पातळ पदार्थ सोपे असतात असं आपल्याला वाटतं, पण पाणी वेगाने घसरतं, म्हणून काहींना दाटसर पेजच जास्त सुरक्षित असते. काय दाट, काय पातळ ते तपासणीनंतर विचारून घ्या. ताठ बसून, छोटा घास घेऊन, न बोलता जेवायचं. लाळ कमी असल्याने दात लवकर किडतात. पण दात काढण्याआधी दंतवैद्याला शेक घेतल्याचं सांगायलाच हवं, कारण त्या जबड्याची जखम भरायला अवघड जाते. कधी पोटात नळी घालावी लागली तर ती हार समजू नका. अंगात ताकद असेल तरच व्यायाम होतात.

काकूंचा आजार उलटला नव्हता. त्यांनी व्यायाम केले, पाच-सहा महिन्यांत ठसका कमी झाला, वजन सावरलं. कोरडी भाकरी काही परत आली नाही. लग्नाच्या पंगतीत त्या अजून बसत नाहीत, लोक बघतात म्हणतात. पण घरी आता सून त्यांच्यासोबतच पान घेते.

तुमच्या घरात, गल्लीत अशी कुणी असेल तर "तब्येत बरी ना?" एवढ्यावर थांबू नका, त्याला ती "हो" म्हणणारच. "काय जेवलात? किती वेळ लागला?" असं विचारा. आणि जमलं तर एक दिवस तिच्या शेजारी ताट घेऊन बसा.