अंगणातील देखणे विष

महामार्गांच्या दुभाजकांवर कण्हेरीच्या रांगा दूरवर फुललेल्या दिसतात. तेथे तिची निवड होण्यामागील एक कारण अगदी साधे आहे : गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. मात्र रानात चरणाऱ्या जनावरांची ही जाण घरात वाढलेल्या कुत्र्याच्या पिलाकडे असेलच असे नाही. दात शिवशिवू लागले की चप्पल, पायपुसणे आणि झाडाची फांदी त्याला सारखीच. म्हणूनच प्राणी पाळणाऱ्यांनी आपली बाग एकदा त्याच्या नजरेने पाहावयास हवी.

कण्हेरीचे पान, फूल, साल, मूळ, इतकेच नव्हे तर वाळलेला पालाही विषारी असतो. हे विष हृदयाच्या ठोक्यांवर आघात करते. पिवळ्या फुलांची बिट्टी त्याच कुळातील आणि तशीच घातक. त्यांची छाटणी केल्यावर फांद्या अंगणात पडू देऊ नयेत. शोभेच्या सायकसची एखाद-दुसरी बीसुद्धा लहान कुत्र्याचे यकृत निकामी करू शकते.

मांजरांना सर्वाधिक धोका पुष्पगुच्छातील लिलीचा. अंगावर सांडलेले तिचे परागकण चाटल्यानेही एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आरंभी केवळ उलटी व मरगळ दिसते आणि ‘उद्या पाहू’ म्हणण्यात बहुमोल वेळ निघून जातो. पहिल्या १८ तासांत सलाईन सुरू झाल्यास जीव वाचण्याची आशा बरीच असते. त्या मानाने डिफेनबेकिया व मनीप्लांट यांचा उपद्रव सौम्य. त्यांतील सुईसारखे स्फटिक रुतून तोंडाची आग होते, लाळ गळते.

विषबाधेची शंका येताच मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. अति मीठच जिवावर बेतू शकते. तोंडातील पाला काढून टाकावा, तोंड ओल्या फडक्याने पुसावे आणि चघळलेली फांदी सोबत घेऊन तातडीने पशुवैद्यांकडे जावे. रोपाची ओळख पटली की उपचारांची दिशा लवकर ठरते.

यासाठी बाग उजाड करण्याचे कारण नाही. गुलाब, मोगरा, अरेका पाम, बोस्टन फर्न ही मंडळी विषारी नाहीत. रोपवाटिकेतून रोप आणताना त्याचे नाव व गुणदोष विचारून घ्यावेत, इतकेच. मुक्या जिवाला धोका सांगता येत नाही. तो ओळखण्याचे काम घरातील माणसांचे.