दान मिळालेले यंत्र आणि त्याचे फर्मवेअर

आपल्या एका माजी विद्यार्थ्याने वसतिगृहाच्या अभ्यासिकेसाठी सिस्को एअरोनेट १२४० मालिकेतील तीन वाय-फाय ॲक्सेस पॉइंट दिले. त्याच्या कार्यालयात नवी यंत्रे आल्याने ही मोकळी झाली होती. वीज देताच दिवे लागले, परंतु मोबाइलवर वाय-फायचे नाव दिसेना. यंत्रे बिघडली, असा निष्कर्ष आम्ही घाईने काढला. तो चुकीचा होता.

यंत्रात कायम साठवलेल्या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. या मालिकेत तिचे दोन प्रकार आहेत. नावात ‘के९डब्ल्यू८’ असलेली आज्ञावली मध्यवर्ती कंट्रोलरवर अवलंबून असते. ‘के९डब्ल्यू७’ स्वतंत्रपणे चालते. शेकडो यंत्रे एका जागेवरून सांभाळणाऱ्या कार्यालयास पहिला प्रकार सोयीचा. आपल्याकडे कंट्रोलरच नसल्याने ती यंत्रे अहोरात्र त्याचा शोध घेत होती.

उपाय आज्ञावली बदलण्याचा. संचिका अधिकृत मार्गानेच मिळवावी व तिचा चेकसम पडताळावा. संगणकास १०.०.०.२ हा पत्ता देऊन त्यावर टीएफटीपी सर्व्हर चालू करावा आणि तो केबलने यंत्रास जोडावा. यंत्राचे मोड बटण दाबून धरून वीज द्यावी. सुमारे २० ते ३० सेकंदांनी दिवा लाल होताच बटण सोडावे. यंत्र संचिका स्वतः उतरवून घेते. मध्येच वीज जाऊ नये म्हणून हे काम इन्व्हर्टरवर करावे. शेवटी कारखान्यातून आलेला पासवर्ड तत्काळ बदलावा.

मात्र यंत्र सुरू झाले म्हणजे ते सुरक्षित झाले, असे नव्हे. २०१७ मध्ये बेल्जियमचे संशोधक मॅथी व्हॅनहोफ यांनी डब्ल्यूपीए२ या वाय-फाय सुरक्षापद्धतीतील गंभीर दोष उघड केला. असे दोष नव्या फर्मवेअरनेच दुरुस्त होतात आणि या जुन्या मालिकेस आता नवे फर्मवेअर मिळत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जांत आपल्या मुलामुलींचे आधार व बँक खात्यांचे तपशील असतात. म्हणून ही यंत्रे आम्ही केवळ अभ्यासिकेतील वाचनासाठी ठेवली. कार्यालयाचे जाळे वेगळे राखले.

माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती. यंत्र देताना त्याचा मॉडेल क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती आणि निर्मात्याचे साहाय्य कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे कागदावर लिहून द्यावे. इतिहासाच्या अध्यापकास नोंदीचे मोल ठाऊक असते. या यंत्रांनी ते पुन्हा पटवून दिले.